काउबचा आकडा विचारल्याशिवाय ऱ्हाईनची सफर ठरवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत ऱ्हाईन नदीच्या द्राक्षखोऱ्यातल्या जहाज सफरीवर लेख वाचला. जहाजावरचे जेवण, केबिनची सजावट, गच्चीवरच्या आरामखुर्च्या यांचे वर्णन सविस्तर आहे. ज्या नदीसाठी माणूस एवढे पैसे मोजून जातो, तिच्याबद्दल मात्र चारच ओळी आहेत आणि त्यांतल्या तीन गोष्टींशी सहमत होता येत नाही. ‘शरद ऋतू सर्वांत उत्तम’ हे अर्धे खरे आहे. ‘२०१८ मध्ये काउब गावाजवळ नदीत फक्त २५ सेंटिमीटर पाणी उरले होते’ हे चूक आहे. आणि ‘बोपार्ड ते सांक्ट गोआर हा तासाभराचा टप्पा म्हणजे या खोऱ्याचे हृदय’ हे वाचून तर कपाळावर हात मारावासा वाटला. मे-जूनच्या सहलींची नोंदणी हल्ली दिवाळीपासूनच सुरू होते, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर पाण्याचा भाग तेवढा ठेवावा.

आधी जागा नक्की करू. ऱ्हाईन सगळीकडे सुंदर नाही. कित्येक मैल ती कारखाने आणि सपाट बांध यांच्यामधून वाहते. ज्यासाठी लोक जातात तो पट्टा बिंगेन-रुडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंतचा, साधारण ६५ किलोमीटरचा. युनेस्कोने २००२ साली जागतिक वारसा म्हणून नोंदला तो हाच. इथे नदी स्लेटच्या डोंगरातून वाट काढते. दोन्ही बाजूंना उभे उतार, त्यांवर द्राक्षबागा आणि दर दोन-चार किलोमीटरला एक किल्ला. काठावर दर किलोमीटरला पांढऱ्या पाटीवर मोठ्या काळ्या अक्षरांत आकडा लिहिलेला असतो. मोजणी स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच्या कॉन्स्टान्स गावच्या पुलापासून सुरू होते. रुडेसहाइम ५२६, बाखाराख ५४३, काउब ५४६, ओबरवेझेल ५५०च्या आसपास, लोरेलायचा कडा ५५४, सांक्ट गोआर ५५६, बोपार्ड ५७०, कोब्लेंझचा संगम ५९२. हे आकडे वहीत उतरवून घेतले की गच्चीवर बसल्या बसल्या आपण कुठे आहोत ते कोणाला विचारावे लागत नाही. ध्वनिक्षेपकावरची माहिती वाऱ्यात अर्धी उडून जाते.

आता त्या २५ सेंटिमीटरबद्दल. काउबला नदीकाठी पाण्याची पातळी मोजणारी पट्टी आहे; जर्मन लोक तिला पेगेल म्हणतात. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी तिच्यावर २५ सेंटिमीटर ही नोंद झाली हे बरोबर आहे. पण पेगेलचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. पट्टीचे शून्य नदीच्या तळाशी नसून, तळापेक्षा बऱ्याच उंचीवर ठरवलेले असते. जहाजे ज्या मार्गाने जातात तिथली खोली काढायची तर काउबच्या आकड्यात साधारण ११२ सेंटिमीटर मिळवावे लागतात. हिशेब असा: पेगेल ७८च्या आसपास असताना मार्गात १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी मिळेल असे सरकारी जलमार्ग खात्याने धरलेले आहे. वर्षातले सरासरी वीस दिवस सोडले तर पातळी याच्या खाली जात नाही, असे मानून हा आकडा ठरवतात. म्हणजे २०१८च्या त्या दिवशी मार्गात २५ सेंटिमीटर पाणी नव्हते, सुमारे १ मीटर ३७ होते. आपल्याकडे धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये छापतात, म्हणून कोणी धरण तेवढे खोल समजत नाही. इथेही गोष्ट तीच.

हा हिशेब प्रवाशाला कशाला हवा? तर जहाजाचा तळ पाण्यात किती बुडतो त्यासाठी. ११० किंवा १३५ मीटर लांबीची, रात्रीच्या मुक्कामाची जहाजे साधारण दीड ते पावणेदोन मीटर पाणी मागतात. शिवाय तळाखाली वीस-तीस सेंटिमीटर मोकळे लागतात. उथळ पाण्यात जहाज वेगाने गेले तर ते आणखी खाली बसते, म्हणून वेगही कमी करावा लागतो. पेगेल ७८ असेल तर बहुतेक जहाजांना चिंता नाही. ६०वर आले की मार्गात १ मीटर ७२; कप्तान गोडे पाणी, इंधन यांचा साठा कमी करून जहाज हलके करतात. ४०वर आले की १ मीटर ५२, आणि बहुतेक मोठ्या मुक्कामी जहाजांचा खेळ तिथे संपतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आकडा ४०च्याही खाली गेला होता आणि बिंगेनजवळच्या ‘उंदीर मनोऱ्या’पर्यंत लोक खडकांवरून चालत गेले होते. गंमत अशी की काउबपासून अवघ्या आठ किलोमीटरवर, लोरेलायच्या कड्याखाली, हीच नदी वीस मीटरांहून खोल आहे. पण तिथे कितीही पाणी असून उपयोग काय, जहाजाला आधी काउबचा उंबरठा ओलांडावा लागतो.

पाण्याचे दुसरे टोकही आहे. काउबला पेगेल ४६० सेंटिमीटरवर गेले की पहिली खूण गाठली जाते: जहाजांनी वेग कमी करायचा, काठापासून दूर, पात्राच्या मधल्या भागातून जायचे. ६४० ही दुसरी खूण. तिच्यावर पाणी गेले की वाहतूक बंद. हे बहुधा हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला होते. नाताळच्या बाजारांसाठी डिसेंबरात जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता शरद ऋतू. आल्प्समधला बर्फ वितळून येणारे पाणी मे, जून आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत नदीला आधार देते. त्यानंतर भिस्त पावसावर. उन्हाळा कोरडा गेला की ऑगस्टच्या मध्यापासून पातळी उतरू लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ गाठते. द्राक्षांची तोडणी नेमकी याच दोन महिन्यांत! लेखकाने ज्या काळाची शिफारस केली आहे तोच नदी आटण्याचाही काळ आहे. दरवर्षी असे होतेच असे नाही. पुष्कळ शरद ऋतू निर्वेध जातात. पण जोखीम कोणत्या महिन्यांत आहे ते वाचकाला सांगायला हवे होते. आणि मध्य ऱ्हाईनवर पाणी अडवून धरणारे काहीही नाही. वरच्या अंगाला इफेत्सहाइमचा बंधारा हा शेवटचा. तिथून समुद्रापर्यंत नदी मोकळी वाहते. बिंगेनच्या वरपासून सांक्ट गोआरपर्यंतचा मार्ग १.९० वरून २.१० मीटरपर्यंत खोल करण्याची सरकारी योजना आहे, पण तळाला खडक आहे. वाळू उपसण्याइतके ते सोपे काम नाही.

पाणी कमी पडले की कंपन्या काय करतात, हेही लेखात नाही. सफर सहसा रद्द होत नाही. उथळ पट्ट्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी त्याच कंपनीची दोन सारखी जहाजे उभी करतात, प्रवाशांना बॅगांसकट बसने मधला भाग ओलांडायला लावतात आणि जहाजांची अदलाबदल होते. कागदोपत्री सफर पूर्ण झालेली असते. आता तो ‘मधला भाग’ म्हणजे कोणता? काउब, लोरेलाय, बाखाराख! ज्याच्यासाठी गेलो तोच बसच्या खिडकीतून बघायचा. पाण्याच्या पातळीमुळे कार्यक्रम बदलण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवल्याची ओळ अटींच्या बारीक अक्षरांत असते आणि बऱ्याचदा परतावा मिळत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळी दोन प्रश्न लेखी विचारावेत. काउबचा आकडा कितीच्या खाली गेला तर तुमचे हे जहाज थांबते? आणि थांबले तर आम्हाला काय मिळते, दुसरे जहाज, बस की पैसे? पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर न देता ‘काळजी करू नका’ म्हणणाऱ्याला नदीची माहिती नाही, असे खुशाल समजावे. प्रवास विम्यातही पाण्याच्या पातळीमुळे झालेला बदल धरलेला आहे का, ते वाचावे. नुसत्या ‘खराब हवामान’ या शब्दांत तो येईलच असे नाही.

रोजचा आकडा जर्मन जलमार्ग खात्याच्या ‘एल्विस’ आणि ‘पेगेलऑनलाइन’ या संकेतस्थळांवर फुकट बघता येतो. पुढच्या चार दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. त्यापुढचे आकडे म्हणजे नुसता कल. निघण्याआधी दोन आठवडे रोज नजर टाकली तर बॅग कशी भरायची तेही ठरते. बस बदलण्याची शक्यता दिसत असेल तर एका मोठ्या बॅगेपेक्षा दोन लहान बऱ्या.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक गोष्ट. धक्के तरंगते असतात. पाण्याबरोबर वरखाली होतात आणि काठाशी उतरत्या पुलाने जोडलेले असतात. पाणी मध्यम असेल तर हा पूल जवळजवळ सपाट असतो. पातळी खूप उतरली की तोच घसरगुंडीसारखा तिरका होतो, त्यात पाऊस पडला की लोखंडी जाळीवरून बूट सरकतात. काही लहान धक्क्यांवर अशा वेळी बोट लागतच नाही. ज्येष्ठांच्या सहलीला मे-जून बरा म्हणतो, त्याचे हे एक मोठे कारण.

आता त्या तासाभराच्या टप्प्याकडे. आपल्याकडच्या गट-सहलींच्या कार्यक्रमात ‘ऱ्हाईन क्रूझ’ म्हणून बहुतेक वेळा बोपार्ड ते सांक्ट गोआर किंवा उलट असा टप्पा असतो. वर दिलेले किलोमीटर पाहा. लोरेलाय ५५४वर आहे आणि सांक्ट गोआर ५५६वर. म्हणजे बोट कड्यापर्यंत पोहोचण्याआधीच लोक उतरतात. धक्क्यावरून दूरवर बोट दाखवून ‘ते बघा लोरेलाय’ म्हटले जाते. आणि या खोऱ्यातली द्राक्षबागांची सर्वांत मोठी सलग भिंत, ‘बोपार्डर हाम’, ही बोपार्डच्या खालच्या अंगाला, नदी जिथे मोठा वळसा घेते तिथे आहे. म्हणजे तीही हुकली. कड्याच्या अलीकडे उतरायचे आणि बागांच्या पलीकडे चढायचे! मधल्या चौदा किलोमीटरांत माउस किल्ला आणि ‘भांडखोर भावांचे’ दोन किल्ले दिसतात. ते वाईट नाहीत, पण द्राक्षखोरे म्हणून जे दाखवायला आणले ते तिथे सर्वांत विरळ आहे.

त्याऐवजी सांक्ट गोआर ते बाखाराख हा तेरा किलोमीटरचा टप्पा घ्यावा. एवढ्यात लोरेलाय, ओबरवेझेलच्या तटबंदीचे बुरूज आणि वरचा शोनबुर्ग, काउबचा गुटेनफेल्स, नदीच्या मधोमध जहाजासारखा उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन हा जकातीचा किल्ला आणि बाखाराखच्या मागच्या उतारावरच्या बागा एवढे सगळे येते. सोयीच्या दृष्टीनेही तो सरळ आहे. मायंझ सोडल्यापासून कोब्लेंझपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही, पलीकडे जायचे तर गाड्या नेणाऱ्या तराफ्यांवर अवलंबून राहावे लागते. सांक्ट गोआर आणि बाखाराख दोन्ही डाव्या तीरावर आहेत. प्रवासी बोटीत असताना रिकामी बस नवव्या क्रमांकाच्या महामार्गाने वीस मिनिटांत पुढे जाऊन उभी राहते. उतरायचे ठिकाण काउब किंवा सांक्ट गोआर्सहाउझेन ठेवले तर बसला तराफ्याची रांग धरावी लागते. त्यात अर्धा तास जातो आणि मग चहाचा वेळ कापला जातो, हे गटाबरोबर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दिशा हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. प्रवाह जोरदार असल्यामुळे हाच टप्पा खाली, म्हणजे बाखाराखकडून सांक्ट गोआरकडे, पाऊण तासाच्या आत संपतो. वर जाताना सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिकिटाच्या पैशात जास्त बघायचे असेल तर प्रवाहाविरुद्ध जावे. मुक्कामी जहाजांनाही हेच लागू. बासेलहून ॲम्स्टरडॅमला जाणारे जहाज हा ६५ किलोमीटरचा पट्टा झपाट्याने उतरते. उलट दिशेचे जहाज तोच पट्टा जवळजवळ निम्मा दिवस दाखवते. मात्र तो दिवसाउजेडी पार करणार का, हे विचारून घ्यावे. बहुतेक कंपन्या तशी काळजी घेतात, पण मागे कुठे उशीर झाला तर वेळापत्रक सांभाळायला रात्रीही निघतात.

बसायचे कुठे? नदी इथे ढोबळमानाने उत्तर-वायव्येकडे वाहते. सकाळी उजेड डाव्या तीरावर असतो, दुपारनंतर उजव्या. लोरेलाय उजव्या तीरावर. तीर नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून मोजतात, म्हणून वर जाताना लोरेलाय डाव्या हाताला येतो, खाली येताना उजव्या. फोटो हवा असेल तर दुपारी दोननंतरची बोट घ्यावी. सकाळी कडा सावलीत काळा ठिक्कर दिसतो आणि मग ‘एवढेच काय’ अशी तक्रार होते. तसा तो नुसता खडकच आहे, १३० मीटरभर उंचीचा. त्याचे महत्त्व त्याखालच्या वळणात आहे. पात्र अरुंद, पाणी खोल आणि वळण आंधळे. खाली येणाऱ्या जहाजाला प्रवाह ढकलत असतो, त्याला थांबणे अवघड. म्हणून ओबरवेझेल ते सांक्ट गोआर या भागात काठावर दिव्यांच्या पट्ट्यांचे त्रिकोणी संकेत लावले आहेत. वर जाणाऱ्या कप्तानाला पुढच्या वळणामागून खाली काय येते आहे, ते त्यावरून कळते. तरीही १३ जानेवारी २०११ रोजी २,४०० टन सल्फ्युरिक आम्ल घेऊन जाणारे ‘वाल्डहोफ’ हे टँकर जहाज लोरेलायजवळ उलटले, दोन खलाशी गेले आणि वाहतूक कित्येक आठवडे विस्कळीत झाली. ते दिवे शोधून बघावेत. किल्ल्यांपेक्षा कमी करमणूक नाही.

द्राक्षबागांबद्दल लिहिताना लेखकाने ‘घडांनी लगडलेल्या वेली’ असे म्हटले आहे. एप्रिल-मेच्या सुट्टीत जाणाऱ्या वाचकाची यात फसगत होईल. आपल्या नाशिक-सांगलीकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतो आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. ऱ्हाईनवर छाटणी एकच, जानेवारी ते मार्चच्या थंडीत. एक-दोन काड्या ठेवून त्या कमानीसारख्या वाकवून बांधतात. डोळे फुटतात एप्रिलच्या अखेरीस, आणि मेच्या मध्यापर्यंत कडाक्याच्या थंडीने कोंब जळण्याची भीती असते. फुलोरा जूनमध्ये, तिथून तोडणीपर्यंत साधारण शंभर दिवस असा जुना अंदाज आहे. एप्रिलमध्ये बोटीतून दिसतात ते काळपट दगडांतले खुंट आणि तारा. जूनमध्ये उतार हिरवेगार होतात, पण घड नखाएवढे. मणी बघायचे तर ऑगस्टअखेर, तोडणी बघायची तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. आपल्याकडचे बागायतदार अभ्यासासाठी म्हणून मेमध्ये जातात. त्यांना तिथे कोंब बघून परतावे लागते.

या बागांचे खरे वैशिष्ट्य बोटीतूनच नीट कळते: उतार. तीस टक्क्यांच्या वर चढ असलेल्या बागांना तिथे ‘उभ्या बागा’ म्हणतात, आणि इथे त्याहून कितीतरी उभ्या आहेत. ट्रॅक्टर चालत नाही. जमीन स्लेटच्या चपट्या तुकड्यांची; दिवसभर तापते आणि रात्री ऊब परत देते, पाणी मुळाशी साचू देत नाही. म्हणूनच इतक्या उत्तरेला रीसलिंग ही पांढऱ्या वाइनची द्राक्षे पिकतात. नीट पाहिले तर वेलींच्या ओळींमधून वर चढणारा एकच बारीक रूळ दिसतो. त्यावरून छोटी मोटारगाडी माणसाला, खताला आणि तोडणीच्या क्रेटना वर-खाली नेते. आणि हिरव्या ओळींमध्ये मधूनच झुडपे माजलेले चौकोन दिसतात, त्यांत अजून दगडी बांध उभे असतात. त्या सोडून दिलेल्या बागा. हाताने करायची एवढी मेहनत पुढच्या पिढीला परवडेना. या भागातले क्षेत्र शंभर वर्षांपूर्वीच्या तुलनेत फार आटले आहे.

ज्यांना तोडणीच बघायची आहे आणि सप्टेंबरखेरीज सवड नाही, त्यांनी कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळणाऱ्या मोझेल नदीचा विचार करावा. ती १९६४ पासून बंधारे आणि लॉक यांनी बांधलेली आहे. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारे असलेला हौद; जहाज आत घेतात, पाणी भरून किंवा सोडून त्याला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतात. कोब्लेंझपासून ट्रिअरपर्यंत असे दहा आहेत आणि त्यांच्यामुळे दुष्काळी वर्षातही जहाजापुरते पाणी टिकते. किंमत वेळेत मोजावी लागते; एकेका लॉकला वीस मिनिटे ते अर्धा तास, पुढे मालवाहू जहाज असेल तर आणखी थांबा. नदी इतकी वळणे घेते की सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे १९० किलोमीटर जावे लागते. पण त्या वळणांवरच ब्रेमचा ‘काल्मोंट’ दिसतो, युरोपातली सर्वांत उभ्या चढाची म्हणून ओळखली जाणारी बाग. लॉकचा दोष असा की एक बिघडला की अख्खी नदी अडते. डिसेंबर २०२४ मध्ये एक मालवाहू जहाज म्युडेनच्या लॉकच्या दारावर आदळले आणि सुमारे सत्तर जहाजे वरच्या अंगाला अडकून पडली. शिवाय दुरुस्तीसाठी दरवर्षी काही दिवस लॉक बंद ठेवतात. त्या तारखा आधी जाहीर होतात, नोंदणीपूर्वी ताडून घ्याव्यात.

केबिनबद्दल लेखात भरपूर आहे, तरी एक राहिले. रात्री जहाजे धक्क्याला एकाला एक लावून उभी करतात, तेव्हा बाल्कनीसमोर दुसऱ्याची बाल्कनी येते. दिवसा तर सगळे गच्चीवरच असतात, कारण या पट्ट्यात पूल नसल्यामुळे गच्ची बंद करावी लागत नाही. म्हणून बाल्कनीचे जादा पैसे इथे तरी वाया जातात असे स्पष्ट मत आहे. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खिडक्या पाण्याच्या जेमतेम वर असतात आणि उघडत नाहीत. तिथे फक्त झोपायचे असेल तर चालेल. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर, तेवढी टाळावी. झोपेचे म्हणाल तर दोन्ही तीरांवर रेल्वे आहे आणि उजव्या तीरावर मालगाड्या रात्रभर धावतात. कानात घालायचे बोळे घरून न्यावेत. रुडेसहाइमला धक्का आणि गाव यांच्यामध्येच लोहमार्ग आहे. फाटक एकदा पडले की दोन-तीन गाड्या जाईपर्यंत उघडत नाही. जहाज सुटायला पाच मिनिटे असताना फाटकाच्या गावाकडच्या बाजूला उभे राहण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर पाव तास हाताशी ठेवावा. तिथे वेळ असेल तर बागांवरून जाणाऱ्या दोरवाटेच्या पाळण्याने वर जावे, १८८३ सालच्या निडरवाल्ड स्मारकापासून रानातून चालत पलीकडे जावे, आसमान्सहाउझेनला लटकत्या खुर्चीने उतरावे आणि बोटीने परतावे. आसमान्सहाउझेन हे या पांढऱ्या वाइनच्या मुलखात लाल वाइनसाठी नावाजलेले गाव.

वाइन चाखणाऱ्यांनी बाटलीवर दोन शब्द बघावेत. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, ‘लीब्लिश’ म्हणजे गोडसर; आपल्याकडच्या नवख्यांना ‘फाइनहेर्ब’ ही मधली चव बहुधा रुचते. बागवाल्यांच्या घरची ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ नावाची खानावळ मिळाली तर मोठ्या उपाहारगृहाच्या आधी तिथे जावे. दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली असते. कायद्याने ती वर्षातून चारच महिने चालवता येते, चाळीसच खुर्च्या मांडता येतात आणि वाइन स्वतःच्या बागेचीच असते. शरदात तिथे ‘फेडरवायसर’ मिळते, म्हणजे अजून आंबत असलेला गढूळ, गोड रस. त्याच्या बाटलीचे टोपण मुद्दाम सैल ठेवतात, कारण आत वायू तयार होत असतो. ती आडवी ठेवली तर सांडते आणि टोपण घट्ट आवळले तर फुटते. बसच्या वरच्या कप्प्यात ठेवून शेजाऱ्याच्या डोक्यावर तिचा अभिषेक होऊ नये. तिच्यासोबत कांद्याचा केक देतात. नाव ऐकून शाकाहारी लोक निर्धास्तपणे मागवतात, पण त्यात बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ‘ओऽने श्पेक’, म्हणजे ते न घालता, असे आधी सांगावे. तयार करून ठेवलेला असेल तर ‘नाही’ असेच उत्तर येईल. घरी आणायच्या बाटल्या चेक-इनच्या सामानात, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या सुखाने, तिसरी मोजून मर्यादेबाहेर.

शेवटची विनंती आपल्याला. पुढच्या वेळी या नदीवर काही छापाल तेव्हा जहाजाच्या भोजनगृहाच्या मोठ्या फोटोच्या जागी ५२६ ते ५९२ असे किलोमीटर घातलेला साधा रेघांचा नकाशा द्यावा. वाचक तो कापून खिशात ठेवेल, आणि पाट्या काठावर लावलेल्या आहेतच.

आपला,
एक वाचक, नाशिक